फोनला दाब कळतो की वेळ?

ॲपच्या आयकॉनवर बोट धरून ठेवलं की छोटा मेनू उघडतो, गॅलरीतला फोटो धरला की निवडला जातो, व्हॉट्सॲपवरचा मेसेज धरला की डिलीट-फॉरवर्डचे पर्याय येतात. या सगळ्याला आपण सरसकट ‘दाबणं’ म्हणतो. त्यामुळे मेनू उघडला नाही की पुढच्या वेळी बोट आणखी जोरात रेटायचं, ही सवय बहुतेकांना असते. सध्या दुकानात मिळणाऱ्या जवळजवळ सगळ्या फोनमध्ये त्या जोराचा काडीचाही उपयोग नाही. फोन फक्त वेळ मोजत असतो: बोट एका जागी किती क्षण टेकलेलं राहिलं. याउलट काही जुने आयफोन, चांगल्या प्रतीची स्टायलस पेनं, मॅकबुकचा ट्रॅकपॅड, नव्या आयफोनवरचं कॅमेऱ्याचं बटण ही मंडळी खरोखर दाब मोजतात.

आपल्या हातातलं यंत्र यातलं काय मोजतं हे एकदा कळलं की ते कसं वापरायचं, कोणती सेटिंग बदलायची आणि दुरुस्तीला कधी न्यायचं, हे तिन्ही प्रश्न बरेच सोपे होतात.

काचेखाली काय चालतं

२००८च्या सुमाराचा नोकिया ५८०० आठवत असेल, तर त्याची स्क्रीन रेझिस्टिव्ह होती. दोन पारदर्शक वाहक थर, त्यांच्यामध्ये बारीक ठिपक्यांनी राखलेली फट. बोटाने दाबलं की वरचा थर वाकून खालच्याला टेकायचा आणि कुठे टेकला ते व्होल्टेजवरून कळायचं. नख, पेनाचं टोपण, हातमोजा, काहीही चालायचं. त्या स्क्रीनला दाब लागायचा खरा, पण ती दाब मोजत नव्हती. टेकलं किंवा नाही टेकलं, एवढ्यावर तिचा विषय संपायचा.

आजच्या फोनची स्क्रीन कॅपॅसिटिव्ह असते. काचेखाली डोळ्यांना न दिसणाऱ्या उभ्या-आडव्या वाहक रेषांची जाळी असते आणि प्रत्येक छेदापाशी अगदी किंचित विद्युतभार साठलेला असतो. बोट जवळ आलं की त्यातला काही भार बोटाकडे ओढला जातो. कुठल्या छेदांवर किती घट झाली ते पाहून टच कंट्रोलर त्या सगळ्या पट्ट्याचा मध्यबिंदू काढतो आणि ‘बोट इथे आहे’ असं सांगतो. यात काच वाकावी लागत नाही, म्हणून जोरही लागत नाही. नखाने काम होत नाही याचं कारणही हेच, आणि पावसात स्क्रीन वेड्यासारखी वागते त्याचंही: पाण्याचा थेंबही भार ओढतो.

आता जोरात दाबल्यावर नेमकं बिघडतं काय ते पाहा. बोटाचं टोक मऊ असतं. जोर दिला की ते चपटं होतं, काचेला टेकलेला त्याचा भाग (त्याला आपण डाग म्हणू) मोठा होतो आणि त्याचा मध्यबिंदू सरकतो, बहुधा तळहाताच्या दिशेने. अँड्रॉइडमध्ये बोट ८ डीपीपेक्षा जास्त सरकलं की ‘हा स्क्रोल करतोय’ असं धरलं जातं. डीपी म्हणजे इंचाचा १६०वा भाग, म्हणजे ही मर्यादा सव्वा मिलिमीटरच्या आसपास आहे. आयफोनवर ॲप बनवणाऱ्याने वेगळं काही ठरवलं नसेल तर लाँग प्रेससाठी अर्धा सेकंद आणि १० पॉइंटांची, म्हणजे साधारण दीड मिलिमीटरची, सूट असते. जोर देताना बोट एवढं सहज हलतं. मग मेनू उघडण्याऐवजी यादी वर-खाली सरकते किंवा आयकॉन जागेवरून उचलला जातो, आणि आपण पुढच्या वेळी आणखी जोर देतो. उपाय उलटा आहे. बोट अलगद टेकवा, अर्धा सेकंद अजिबात हलवू नका, फोन हलकासा थरथरला की लगेच उचला.

आपला फोन काय मोजतो ते बघायचं कसं

अँड्रॉइडवर हे डोळ्यांनी बघता येतं. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अबाउट फोन’मध्ये जाऊन ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप करा (काही कंपन्यांच्या फोनमध्ये हा नंबर आत ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’मध्ये असतो). ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ नावाचं नवं पान सुरू होईल. त्यात ‘पॉइंटर लोकेशन’ चालू करा. स्क्रीनच्या वरच्या कडेला एक अरुंद पट्टी येते आणि बोट फिरेल तसे आकडे बदलतात. उजवीकडच्या शेवटच्या दोन रकान्यांकडे लक्ष द्या: एक दाबाचा, दुसरा आकाराचा.

आधी बोटाचं टोक अलगद टेकवा आणि आकडा बघा. मग त्याच जागी हळूहळू जोर वाढवा. आकडा १.० वरच ठाण मांडून बसला, तर फोन दाबाबद्दल काहीच सांगत नाही. आकडा वाढला तरी लगेच खूश होऊ नका. आता बोट आडवं करून अख्खं पेर काचेवर ठेवा, पण जोर जराही न देता. आकडा याही वेळी वाढला, तर फोन डागाचा आकार पाहून दाबाचा अंदाज बांधतोय. चित्रकलेची काही ॲप्स ‘बोटाच्या दाबाने रेघ जाड होते’ असं दाखवतात, त्यातली बरीचशी याच आकड्यावर किंवा बोटाच्या वेगावर चालतात. बारीक बोटांच्या माणसाची रेघ त्यामुळे कायम बारीक येते. चाचणी झाली की ‘पॉइंटर लोकेशन’ बंद करायला विसरू नका, नाहीतर ती पट्टी आणि बोटामागून येणाऱ्या रेघा प्रत्येक ॲपवर दिसत राहतील.

डागावरून अंदाज बांधण्याचं काम गूगलने पिक्सेल ४ वर बऱ्यापैकी हुशारीने केलं. त्या फोनमध्ये दाबाचा वेगळा सेन्सर नाही. जोर दिल्यावर बोटाचा डाग काही मिलिसेकंदांत कसा पसरत जातो, याचा नमुना न्यूरल नेटवर्कला शिकवला आणि तो नमुना दिसला की लाँग प्रेसची वाट न पाहता मेनू उघडायचा, अशी योजना केली. अँड्रॉइड १० पासून ॲप बनवणाऱ्यांनाही ‘हा खोल दाब आहे’ अशी खूण मिळू शकते. पण हा सगळा जोडउपाय आहे. जोर ओळखला गेला नाही तरी थोडं थांबल्यावर तेच घडतं, म्हणून वापरणाऱ्याला फरक फारसा जाणवत नाही.

थ्रीडी टच: खरा दाब मोजणारी स्क्रीन

२०१५ हे वर्ष दाबाचं होतं. एप्रिलमध्ये ॲपलचं पहिलं घड्याळ ‘फोर्स टच’ घेऊन आलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला बर्लिनच्या प्रदर्शनात हुआवेने ‘मेट एस’च्या स्क्रीनवर संत्रं ठेवून त्याचं वजन करून दाखवलं, आणि त्याच महिन्यात आयफोन ६एस ‘थ्रीडी टच’सह बाजारात आला.

६एसमध्ये डिस्प्लेच्या बॅकलाइटमध्ये कॅपॅसिटिव्ह सेन्सरांचा आणखी एक थर बसवला होता. बोटाने जोर दिला की वरची काच अगदी सूक्ष्म प्रमाणात वाकते आणि काच व तो थर यांच्यातलं अंतर बदलतं. ते अंतर मोजून दाब काढला जातो. म्हणजे एकाच स्क्रीनमध्ये दोन यंत्रणा: बोट कुठे आहे हे सांगणारी नेहमीची जाळी, आणि किती जोर आहे हे सांगणारा मागचा थर. या मालमसाल्याचं वजनही जाणवतं. आयफोन ६ होता १२९ ग्रॅमचा, ६एस झाला १४३ ग्रॅमचा.

फोनचा तराजू करणारी ॲप्स तेव्हा काही जणांनी लिहिली. वस्तू नुसती काचेवर ठेवून चालायचं नाही, कारण ‘इथे काहीतरी टेकलंय’ हे आधी नेहमीच्या जाळीला कळायला हवं, आणि ती वाहक वस्तूच ओळखते. म्हणून स्क्रीनवर धातूचा चमचा ठेवायचा आणि त्यात वस्तू टाकायची, अशी युक्ती निघाली. साधारण ३८५ ग्रॅमपर्यंत वजन कळायचं. ॲपलने अशा ॲपला ॲप स्टोअरवर जागा दिली नाही. दोन यंत्रणा वेगळ्या असतात हे समजायला मात्र तो चमचा फार उपयोगी आहे.

ही खरी दाबाची स्क्रीन ज्या आयफोनमध्ये आहे त्यांची यादी छोटी आहे: ६एस, ६एस प्लस, ७, ७ प्लस, ८, ८ प्लस, एक्स, एक्सएस आणि एक्सएस मॅक्स. २०१८च्या एक्सआरमध्ये ती नव्हती आणि २०१९च्या आयफोन ११ पासून ती सगळीकडूनच गेली. एसई नावाच्या एकाही फोनमध्ये ती कधीच नव्हती.

यादीतला फोन तुमच्याकडे असेल तर तो वापरायची रीत अशी. आयकॉनवर बोट टेकवून लगेच, न थांबता जोर द्या. मेनू क्षणात उघडतो, अर्धा सेकंद थांबावं लागत नाही. २०१९च्या आयओएस १३ नंतर नुसतं धरून ठेवलं तरी तोच मेनू येतो, त्यामुळे जोर हा आता जवळचा रस्ता उरला आहे. खरी मजा कीबोर्डवर आहे. टाइप करताना कीबोर्डवर कुठेही, अगदी मधल्या अक्षरावरही, जोर दिला की सगळी बटणं कोरी होतात आणि कीबोर्डचा ट्रॅकपॅड बनतो. बोट फिरवा, कर्सर मजकुरात फिरतो. तसंच बोट न उचलता पुन्हा जोर दिला की शब्द निवडला जातो. लांबलचक मजकुरात नेमक्या दोन अक्षरांमध्ये कर्सर नेताना हे फार कामाला येतं.

सेन्सर नसलेल्या आयफोनवर हेच काम स्पेस बारवर होतं: स्पेस बार धरून ठेवा, बटणं कोरी झाली की बोट फिरवा, आणि मजकूर निवडायचा असेल तर पहिलं बोट न उचलता दुसरं बोट कीबोर्डवर टेकवा आणि पहिलं सरकवा. अँड्रॉइडवर गूगलचा जीबोर्ड हा कीबोर्ड असेल तर थांबायचीही गरज नाही. स्पेस बारवरून बोट डावी-उजवीकडे घसरवलं की कर्सर सरकतो, आणि बॅकस्पेसवरून डावीकडे घसरवलं की शब्दच्या शब्द निवडले जाऊन पुसले जातात.

किती जोर लागावा हे ठरवता येतं. ‘सेटिंग्ज’, ‘ॲक्सेसिबिलिटी’, ‘टच’, मग ‘थ्रीडी अँड हॅप्टिक टच’. तिथे हलका, मध्यम आणि जोरकस अशा तीन पायऱ्यांची पट्टी आहे आणि खाली चाचणीसाठी एक चित्र आहे. बोटं दुखत असतील तर पट्टी हलक्याकडे न्या. टाइप करताना सारखा ट्रॅकपॅड उघडत असेल तर जोरकसकडे.

एवढी चांगली सोय गेली का? ॲपलने खर्चाचा हिशेब काही जाहीर केला नाही, पण सोयीचं दुखणं उघड होतं. कुठल्या गोष्टीवर जोर दिला तर काही घडेल, याची स्क्रीनवर कसलीच खूण नसायची. हलकं धरलं की आयकॉन थरथरायला लागून ॲप पुसण्याचा ‘×’ यायचा आणि जोरात दाबलं की मेनू. या दोन्हींतली सीमा सामान्य माणसाला कधी सापडलीच नाही. आयपॅडवर तर थ्रीडी टच कधी आलाच नाही, त्यामुळे ॲप बनवणाऱ्यांना प्रत्येक गोष्टीला दुसरा मार्ग ठेवावाच लागायचा. दुसरा मार्ग असला की पहिला कोणी शिकत नाही. घड्याळातही तेच झालं: २०२०च्या वॉचओएस ७ ने फोर्स टच काढून टाकला आणि त्यामागे लपवलेले पर्याय समोर आणले.

अँड्रॉइडच्या बाजूला सॅमसंगने २०१७च्या एस८ मध्ये नेमकी खूण दिसेल अशी जागा निवडली होती. फक्त खालच्या होम बटणापुरता दाबाचा सेन्सर. स्क्रीन बंद असतानाही तिथे अंगठा रोवला की फोन जागा व्हायचा. अख्ख्या स्क्रीनला जोर शिकवण्यापेक्षा ही कल्पना मला जास्त शहाणी वाटते. त्याच सुमारास एचटीसी यू११ आणि पिक्सेल २ हे फोन कडा आवळल्या की कामं करायचे, तिथेही कडांमध्ये दाबाचे सेन्सरच होते.

वेळ मोजणारा फोन आपल्या हाताला जुळवून घ्या

ज्यांच्या फोनमध्ये दाबाचा सेन्सर नाही, म्हणजे बहुतेक सगळे, त्यांनी वेळेची सेटिंग बघावी. आयफोनवर ‘सेटिंग्ज’, ‘ॲक्सेसिबिलिटी’, ‘टच’, ‘हॅप्टिक टच’ इथे वेळ जलद किंवा संथ करता येते. जलद केलं की मेनू खूपच लवकर उघडतो आणि थ्रीडी टचची उणीव बरीचशी भरून निघते. सॅमसंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’, ‘इंटरॅक्शन अँड डेक्स्टेरिटी’, मग ‘टच अँड होल्ड डिले’. तिथे अर्धा, एक, दीड सेकंद असे पर्याय आहेत, किंवा आपल्याला हवी तेवढी वेळ ठरवता येते. इतर अँड्रॉइडवर सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘टच अँड होल्ड’ टाइप केलं की सापडतं.

घरातल्या ज्येष्ठांचा हात थरथरत असेल तर उलट दिशेने जा. त्यांचं बोट टॅप करतानाही काचेवर जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून फोन टॅपला लाँग प्रेस समजतो आणि नको ते मेनू उघडतात, आयकॉन इकडचे तिकडे होतात. वेळ एक किंवा दीड सेकंद केली की हे थांबतं. त्याच पानाच्या आसपास सॅमसंगमध्ये ‘इग्नोर रिपीटेड टचेस’ आहे आणि आयफोनमध्ये ‘टच अकॉमोडेशन्स’. एकाच बटणावर चुकून दोनदा बोट पडत असेल तर ते चालू करा. एका वेळी एकच बदल करा आणि दोन-तीन दिवस वापरून मगच दुसरा, नाहीतर कशाने काय झालं तेच कळत नाही.

हलकी थरथर बंद पडली असेल तर सेटिंग्जमध्ये आवाज आणि व्हायब्रेशनच्या पानावर टच फीडबॅक चालू आहे का ते आधी बघा. बॅटरी सेव्हर चालू असताना काही फोन ही थरथर स्वतःच बंद करतात. थरथर नसेल तर मेनू कधी उघडणार हे बोटाला कळत नाही आणि बोट नकळत पुन्हा जोर द्यायला लागतं.

जाड टेम्पर्ड ग्लास लावल्यावर टच मंदावला तर तोही दाबाचा प्रश्न नसतो. काच आणि बोट यांच्यात जाडी वाढली, किंवा फक्त कडेला गोंद असलेल्या ग्लासखाली हवा राहिली, की बोटाकडे ओढला जाणारा भार कमी होतो. सॅमसंगच्या ‘डिस्प्ले’ पानावर ‘टच सेन्सिटिव्हिटी’ आहे, ती चालू करा. फरक नाही पडला तर ग्लास काढून बघा. आणि चार्जिंगला लावल्यावरच स्क्रीन आपोआप टॅप करायला लागली, तर संशय आधी चार्जरवर घ्या. स्वस्त चार्जरमधला विद्युत गोंगाट टचच्या जाळीत शिरतो. पिन काढली की ‘घोस्ट टच’ थांबले, तर चार्जर बदला. फोन उघडायची गरज नाही.

जुना आयफोन घेताना आणि फोल्डर बदलताना

६एस ते एक्सएस मॅक्स या फोनमध्ये दाबाचा सेन्सर डिस्प्लेच्या जोडणीतच असतो, ज्याला दुरुस्तीवाले फोल्डर म्हणतात. काच फुटली आणि हलक्या प्रतीचा फोल्डर टाकला, की टच आणि रंग ठीक दिसतात पण दाबाचा थर एकतर नसतो किंवा चुकीचं वाचतो. लक्षणं ओळखू येतात: खूप रेटल्याशिवाय काही होत नाही, अर्ध्याच भागात दाब कळतो, किंवा साधा टॅप करतानाही मेनू उघडतो.

सेकंडहँड फोन घेताना, किंवा दुरुस्ती करून परत घेताना, पैसे देण्यापूर्वी दोन मिनिटं काढा. आधी सेटिंगमध्ये थ्रीडी टच चालू आहे का ते पाहा. मग कुठल्याही ॲपमध्ये टाइप करायला घ्या आणि कीबोर्डच्या डाव्या कडेला, मध्ये, उजव्या कडेला, स्पेस बार सोडून, जोर द्या. तिन्ही ठिकाणी बटणं लगेच कोरी व्हायला हवीत. स्पेस बारवर चाचणी घेऊन उपयोग नाही, तिथे सेन्सर नसलेला आयफोनही वेळेवरून तेच करतो. मग होम स्क्रीनवर वरच्या ओळीतले दोन कोपऱ्यांतले आयकॉन, मधला एखादा आणि खालच्या डॉकमधले आयकॉन झटक्यात दाबून बघा. मेनू जोर दिल्या क्षणी येतोय की थोडं थांबून, हे लक्षपूर्वक पाहा. थांबून येत असेल तर तो वेळेवरून येतोय आणि दाबाचा थर कामातून गेलेला आहे. फोन नेहमीच्या वापराला तरीही ठीक आहे, पण मग किंमत ‘मूळ डिस्प्ले’ची देऊ नका.

पेन असेल तर दाब पेनात मोजला जातो

चित्र काढणाऱ्यांचा एक समज असतो की चांगली स्क्रीन पेनाचा दाब ओळखते. दाब मोजण्याची कळ पेनाच्या टोकामागे असते, स्क्रीन फक्त ती खबर वाचते. सॅमसंगचा एस पेन वॅकॉम या ड्रॉइंग टॅबलेट बनवणाऱ्या कंपनीच्या तंत्रावर चालतो. डिस्प्लेखालचा थर विद्युतचुंबकीय क्षेत्र तयार करतो, पेनातली कॉइल त्यातूनच ऊर्जा घेते आणि टोक दाबलं गेलं की तिच्या कंपनसंख्येत होणारा फरक परत कळवते. म्हणून लिहिण्यासाठी एस पेनला बॅटरी लागत नाही. बॅटरीसारखी सोय २०१८च्या नोट ९ पासून आली ती फक्त ब्लूटूथच्या बटणासाठी, आणि २०२५च्या एस२५ अल्ट्रामधून ब्लूटूथ गेलं तरी दाब शाबूत राहिला. डिस्प्लेखाली तो खास थर नसेल तर एस पेन साध्या फोनवर उमटतच नाही. मॅग्नेट असलेलं कव्हर लावल्यावर एखाद्या पट्ट्यात रेघ तुटत असेल, तर कव्हर काढून बघा. मॅग्नेट त्या क्षेत्रात ढवळाढवळ करतो.

ॲपल पेन्सिल वेगळी. तिच्यात बॅटरी आहे आणि ती दाबाची माहिती स्वतः पाठवते. खरेदी करताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: २०२३ला आलेल्या यूएसबी-सीवाल्या ॲपल पेन्सिलमध्ये दाब ओळखण्याची सोय नाही. कल, म्हणजे पेन किती तिरकं धरलंय ते, ओळखते, दाब नाही. नोट्स काढायला पुरेल, चित्रांसाठी ती घेऊ नका. पहिली, दुसरी आणि २०२४ची प्रो या तिन्हींमध्ये दाब आहे, फक्त आपल्या आयपॅडला कोणती चालते ते आधी तपासा. बाजारातली स्वस्त ‘पाम रिजेक्शन’वाली (स्क्रीनवर टेकलेल्या तळहाताकडे दुर्लक्ष करणारी) आयपॅड पेनंही बहुतेक वेळा कल ओळखतात, दाब नाही. वेष्टनावर ‘प्रेशर’ हा शब्द शोधा, ‘टिल्ट’ वाचून फसू नका.

जाहिरातीत ४०९६ पातळ्या, ८१९२ पातळ्या असे आकडे असतात. ४०९६ म्हणजे १२ बिट. २०४८ च्या पुढे डोळ्यांना फरक दिसणं कठीण आहे. खरा फरक पडतो तो रेघ उमटायला सुरुवातीला किती जोर लागतो याने. तो कमी असेल तर हलक्या छटा जमतात. जास्त असेल तर रेघ नेहमी एकदम जाड सुरू होते. हे दुखणं दाबाच्या वक्राने, म्हणजे किती जोराला किती जाड रेघ हे ठरवणाऱ्या आलेखाने, बरंच कमी होतं. क्रिटासारख्या चित्रकलेच्या ॲपच्या टॅबलेट सेटिंगमध्ये हा वक्र ओढून बदलता येतो. हात हलका असेल तर सुरुवातीचा भाग वर उचला, हात जड असेल तर खाली आणा. पाच-सहा वेळा एकच लांब रेघ काढून बघत बघत बदला.

फोटोशॉपमध्ये रेघ एकाच जाडीची येत असेल, तर ब्रश सेटिंग्जमध्ये ‘शेप डायनॅमिक्स’ उघडा आणि आकाराचा कंट्रोल ‘पेन प्रेशर’ करा. त्याच्या शेजारी उद्गारचिन्हाचा छोटा त्रिकोण दिसत असेल तर फोटोशॉपला पेनच सापडलेलं नाही. मग ब्रशशी झगडण्यात अर्थ नाही, पेनाचा ड्रायव्हर आणि विंडोज इंकची (विंडोजमधल्या पेनाच्या सोयीची) सेटिंग बघा. आयपॅडवर रेघ मध्येच तुटायला लागली किंवा दाब लहरी वाटला, तर पेन्सिलचं टोक आधी फिरवून घट्ट करा. सैल टोक हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण आहे. घासून तिरकं झालेलं असेल तर बदला.

देवनागरी सुलेखन करणाऱ्यांसाठी इथे एक वेगळी सूचना. बोरूने काढलेल्या अक्षराची जाडी-बारकी दाबातून येत नाही, तिरक्या कापलेल्या टोकाच्या कोनातून येते. दाबाने जाड होणारा गोल ब्रश घेतला की ‘क’ची गाठ आणि ‘अ’चा कणा चुकीच्या जागी फुगतात. ब्रशचं टोक सपाट घ्या, कोन साधारण ४५ अंशांवर पक्का करा, आकारावरचा दाबाचा कंट्रोल पूर्ण बंद करा आणि दाब हवाच असेल तर शाईच्या गडदपणाला जोडा. ॲपल पेन्सिल प्रोला आपण पेन बोटांत किती फिरवलं हेही कळतं, त्यामुळे त्यावर सपाट टोक हातातल्या बोरूसारखं वळवता येतं.

बटण नसलेली बटणं

फोनच्या स्क्रीनवरून दाब गेला, पण कडेला परत आला. आयफोन १६ मालिकेपासून (१६ई सोडून) कॅमेरा कंट्रोल नावाचं बटण आहे. पूर्ण दाबलं की कॅमेरा उघडतो किंवा फोटो निघतो. अर्धवट, म्हणजे क्लिक होऊ न देता, हलकं दाबलं की झूम किंवा एक्सपोजरची पट्टी येते आणि बोट सरकवून ती बदलता येते. दोनदा हलकं दाबलं की पर्यायांची यादी. बहुतेकांना हलका दाब जमत नाही आणि नको तेव्हा फोटो निघतो. ‘सेटिंग्ज’, ‘ॲक्सेसिबिलिटी’, ‘कॅमेरा कंट्रोल’मध्ये हलक्या दाबाचा जोर कमी-जास्त करता येतो. कव्हर घेताना त्या जागी कापलेली खाच किंवा वाहक पट्टी आहे का ते बघा. जाड प्लास्टिकच्या आडून सरकवणं ओळखलं जात नाही. एअरपॉड्स प्रोच्या दांडीलाही दाबाचा सेन्सर आहे. तिथे टिचकी मारून काही होत नाही, चिमटीत दाबावं लागतं.

या सगळ्यांत दाबाचा सर्वांत रोजचा, न कुरकुरता चालणारा उपयोग मॅकबुकच्या ट्रॅकपॅडवर आहे. २०१५पासूनचा हा ट्रॅकपॅड क्लिक होताना खाली जात नाही. चार कोपऱ्यांवरचे स्ट्रेन गेज, म्हणजे ताण मोजणारे सेन्सर, जोर मोजतात आणि आतली मोटर आडवा झटका देऊन क्लिकचा भास निर्माण करते. लॅपटॉप पूर्ण बंद करून दाबून बघा, काचेचा ठोकळा दाबल्यासारखं लागेल. क्लिक केल्यावर बोट न उचलता आणखी दाबलं की ‘फोर्स क्लिक’ होतं: शब्दावर केलं की अर्थ, फाइलवर केलं की झलक, पत्त्यावर केलं की नकाशा. क्विकटाइममध्ये पुढे न्यायच्या बटणावर जोर वाढवत गेलं की व्हिडिओचा वेग वाढत जातो. ‘ट्रॅकपॅड’ सेटिंगमध्ये क्लिक हलकी, मध्यम किंवा जोरकस करता येते. मध्येच शब्दार्थाच्या चौकटी उघडून वैताग येत असेल तर तिथेच फोर्स क्लिक बंद करा.

चांगला चालणारा ट्रॅकपॅड अचानक एका बाजूला क्लिक घेईना, किंवा नीट बसत नाहीसा वाटला, तर सेटिंगमध्ये वेळ घालवू नका. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून तो डुगडुगतो का, झाकण पूर्ण मिटतं का आणि ट्रॅकपॅडची कड शेजारच्या धातूपेक्षा वर आली आहे का, हे बोट फिरवून बघा. ट्रॅकपॅडच्या खालीच बॅटरी असते. ती फुगली की खालून रेटते आणि दाबाची मोजणी बिघडते. असं दिसलं तर चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, जोर लावून क्लिक करत बसू नका आणि बॅटरी बदलून घेईपर्यंत तो चालू करू नका.